उसाच्या बेटावरची मराठी पदवी

यवतमाळ जिल्ह्यातल्या ढाणकीच्या माणसाला ऊस नवा नाही. उमरखेड तालुक्यातच पोफाळीला वसंत सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पण मॉरिशस हा अख्खा देशच उसावर वसला. आकारानं तो लहानसा. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात अशी सहा बेटं आरामात मावतील. त्या बेटावर आज मराठी विषयात पदवी घेता येते. ती सोय तिथवर कशी पोचली, याची मुळं उसाच्या फडातच सापडतात.

1835 मध्ये बेटावरची गुलामी कायद्यानं संपली. मळेवाल्यांना मजूर हवे होते, म्हणून त्याच्या आदल्याच वर्षापासून हिंदुस्थानातून करारावर माणसं नेणं सुरू झालं होतं. सुमारे साडेचार लाख माणसं पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. त्यांत मुंबई बंदरातून निघालेले रत्नागिरी-साताऱ्याकडचे मराठी लोकही होते. मळ्यावरच्या वस्तीत संध्याकाळी बैठक भरायची. दिवसभर राबून आलेल्यांची पोरं तिथं अक्षरं गिरवायची, पोथी ऐकायची. सरकारदरबारी या शिक्षणाला किंमत नव्हती.

किंमत होती ती बेटावरच्या रॉयल कॉलेजला. तिथून दरवर्षी मोजक्या हुशार मुलांना शिष्यवृत्तीवर विलायतेला धाडत. उत्तरपत्रिका केंब्रिजला जात आणि निकाल तिथून येई. मॉरिशसमध्ये अव्वल आलेल्या ‘लॉरिएट’ मुलांची नावं आजही राष्ट्रीय बातमी असते. मजुरांच्या वस्तीतून वर आलेले शिवसागर रामगुलाम 1921 मध्ये लंडनला गेले आणि 1935 मध्ये डॉक्टर होऊन परतले. पुढे तेच देशाचे पहिले पंतप्रधान झाले. शिकायचं म्हणजे बेट सोडायचं, हे समीकरण त्या काळात इतकं घट्ट होतं.

1965 मध्ये रेद्वी इथं मॉरिशस विद्यापीठ निघालं. त्याचा पाया जुन्या शेतकी महाविद्यालयाचा, सोबत प्रशासन आणि औद्योगिक तंत्रज्ञान. साहित्य, इतिहास, भाषा यांना सुरुवातीच्या आराखड्यात जागाच नव्हती. नव्या देशाला कृषितज्ज्ञ हवे होते, कारकून हवे होते. यात नवल काही नाही. त्याच सुमारास ढाणकीच्या शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते आणि 1969 मध्ये अकोल्याला कृषी विद्यापीठ उभं राहिलं. पोट भरायची सोय आधी, हा हिशेब दोन्हीकडे सारखाच होता.

मग मॉरिशसमध्ये संस्कृतीसाठी वेगळं घर बांधावं लागलं. 12 मार्च 1968 ला देश स्वतंत्र झाला. 1970 मध्ये मोका इथं महात्मा गांधी संस्थेची पायाभरणी इंदिरा गांधींच्या हस्ते झाली आणि 1976 मध्ये संस्थेचं उद्घाटन झालं. गांधीजी स्वतः 1901 मध्ये आफ्रिकेहून परतताना बेटावर थांबले होते. मुलांना शिकवा, हे त्यांनी तिथल्या भारतीयांना सांगितलं होतं. त्यांच्या नावाच्या संस्थेत हिंदी, तमिळ, तेलुगू, उर्दू यांच्याबरोबर मराठीही शिकवली जाऊ लागली. विद्यापीठाच्या सहकार्यानं मराठीची पदवीही मिळू लागली.

हे सगळं गोडीगुलाबीनं घडलं, असं मात्र नाही. 20 मे 1975 ला हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि पोर्ट लुईच्या दिशेनं निघाले. ग्रँड रिव्हरच्या पुलावर पोलिसांनी त्यांना अडवलं. आपण शिकतो त्याचा आपल्या बेटाशी संबंध काय, हा त्यांचा एक सवाल होता. त्याच वर्षी मतदानाचं वय अठरावर आलं आणि जानेवारी 1977 पासून माध्यमिक शिक्षण मोफत झालं. घरात, बाजारात बोलली जाणारी क्रिओल प्राथमिक शाळेत विषय म्हणून यायला मात्र 2012 उजाडलं.

मराठीची गत तिथं उलटी आहे. ढाणकीत मराठी चुलीपाशीच कानावर पडते आणि पोरगं कॉलेजात गेलं की इंग्रजीशी झगडू लागतं. मॉरिशसच्या बहुतेक मराठी घरांत चुलीपाशी क्रिओल, आणि मराठी भेटते ती वर्गात. शाळेत मराठी विषय आहे म्हणून शिक्षक लागतात, शिक्षक लागतात म्हणून पदवी चालते. नोकरीच्या या साध्या साखळीनं भाषा जितकी धरून ठेवली, तितकी भाषणांनी ठेवली नसावी. अर्थात सगळंच वर्गावर सोडलेलं नाही. गणेश चतुर्थीला तिथं सार्वजनिक सुट्टी असते आणि गणपतीपुढे ‘झाकरी’ रंगते. कोकणातली जाखडी ती हीच.

मोकाच्या त्याच संस्थेत करारी मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. माणसाचा क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव. 1860 च्या दशकापासून पुढे फोटोही. 2015 मध्ये युनेस्कोनं त्यांना जागतिक स्मृतिठेव्यात घेतलं. पणजोबाचा क्रमांक शोधत लोक इथं येतात. कारकुनानं कानाला ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहिलेलं गावाचं नाव मग पुन्हा पुन्हा वाचून बघावं लागतं, जिल्हा कोणता असेल त्याचा अंदाज बांधत.