अफजलगंजचे क्लोरोफॉर्म आणि हैदराबादचे विद्यार्थी

हैदराबादच्या वैद्यकीय संशोधनाचा इतिहास बहुधा रोनाल्ड रॉस यांच्यापासून सांगितला जातो. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत त्यांना डासाच्या जठरभित्तीत हिवतापाचा परजीवी आढळला, ही घटना मोठी खरीच. परंतु तो लष्करी सेवेतील एका डॉक्टराने जवळजवळ एकहाती लावलेला शोध होता. शिकणाऱ्या मुलामुलींचा प्रयोगाशी संबंध येथे त्याआधीच, अफजलगंजच्या सरकारी दवाखान्यात आणि त्याला जोडलेल्या हैदराबाद मेडिकल स्कूलमध्ये आला होता.

ही शाळा निजाम नासिरुद्दौला यांच्या काळात, १८४६ मध्ये निघाली आणि तेथून उत्तीर्ण होणाऱ्यांना ‘हकीम’ ही पदवी मिळे. १८८५ मध्ये रेसिडेन्सी सर्जन म्हणून आलेले एडवर्ड लॉरी हे तिचे प्रमुख झाले. ते एडिंबरोच्या जेम्स साइम यांचे शिष्य असून क्लोरोफॉर्म देताना नाडीकडे नव्हे, तर श्वासाकडे लक्ष ठेवावे हा गुरूचा दंडक त्यांनी जसाच्या तसा उचलला होता. क्लोरोफॉर्म, म्हणजे हुंगवून रुग्णाला बेशुद्ध करणारा द्रव, १८४७ मध्ये वापरात आला आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी त्याने दगावली. तेव्हापासून हा मृत्यू श्वास थांबल्याने होतो की हृदय थांबल्याने, हा वाद चालू होता. लॉरी यांच्या हाताखाली कपड्यावर क्लोरोफॉर्म टाकून रुग्णाच्या नाकातोंडाशी धरण्याचे आणि छातीपोटाची हालचाल न्याहाळण्याचे काम विद्यार्थी स्वतः करीत. त्या काळी शाळेत मुलींनाही प्रवेश होता. जगातील अगदी सुरुवातीच्या स्त्री भूलतज्ज्ञांत ज्यांची गणना होते त्या रूपाबाई फर्दुनजी याच वर्षांत तेथे शिकल्या आणि १८८९ मध्ये हकीम झाल्या.

१८८८ मध्ये पॅट्रिक हेहीर यांच्या अध्यक्षतेखाली पहिल्या हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोगाने कुत्र्यांवर प्रयोग करून लॉरी यांच्या मताला दुजोरा दिला. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने त्यावर शंका घेतली, तेव्हा निजाम महबूब अली खान यांच्या सरकारने एक हजार पौंड देऊ करून त्या पत्राने आपलाच तज्ज्ञ पाठवावा असे सुचविले. आलेले लॉडर ब्रंटन हे तोपर्यंत हृदयाचा धोका मानणारे होते. १८८९ च्या अखेरीस कुत्री, माकडे, घोडे, शेळ्या, मांजरे आणि ससे मिळून ४९० प्राण्यांवर प्रयोग झाले. त्यांपैकी १२० प्रयोगांत धमनीला दाबमापक जोडून रक्तदाबाच्या चढउताराची नोंद घेण्यात आली. ब्रंटन यांचे मत बदलले आणि हृदयाला थेट धोका नाही, असा निर्वाळा आयोगाने दिला.

हा निर्वाळा टिकला नाही. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवून दिले की हलक्या गुंगीत असलेल्या प्राण्याचे हृदय क्लोरोफॉर्ममुळे एकाएकी नुसते थरथरू लागते (या अवस्थेत हृदयाचे कप्पे एकसंध आकुंचन पावत नाहीत आणि रक्त पुढे ढकलले जात नाही) व मृत्यू ओढवतो. हैदराबादेत भर होता तो अतिमात्रेवर, त्यामुळे हलक्या गुंगीतला धोका नजरेआड राहिला. अर्थात चूक केवळ प्रयोगाच्या आखणीची नव्हती. उत्तर गुरूला आधीच ठाऊक होते आणि शिष्यांना जे पाहायला शिकविले तेवढेच त्यांनी पाहिले, इतकेच नव्हे तर नाडीकडे दुर्लक्ष करणे हेच त्यांचे शिक्षण होते. प्रश्न विचारण्याचा अधिकार विद्यार्थ्याकडे नव्हता, हात मात्र त्याचे होते.

अफजलगंजचा दवाखाना १९०८ च्या मुसी नदीच्या पुरात उद्ध्वस्त झाला. मेडिकल स्कूल पुढे उस्मानिया विद्यापीठाशी जोडले गेले. मराठवाड्याच्या दृष्टीने या संस्थेचे महत्त्व वेगळेच होते, कारण १९५६ मध्ये औरंगाबादला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघेपर्यंत हैदराबाद राज्यातील मराठी मुलाला आपल्याच राज्यात डॉक्टर व्हायचे तर हैदराबाद गाठण्यावाचून गत्यंतर नव्हते.

त्याच दशकाच्या अखेरीस कुन्नूरहून हैदराबादला आलेल्या पोषण संशोधन प्रयोगशाळांनी, म्हणजे आजच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने, संशोधनाचा विषय दख्खनच्या ताटातून उचलला. पेलाग्रा हा त्वचा, आतडी आणि मेंदू यांवर परिणाम करणारा जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग इतरत्र मका खाणाऱ्यांत आढळे; सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारीवर गुजराण करणाऱ्यांतील या रोगाचा संबंध ज्वारीतील ल्यूसिन या अमिनो आम्लाच्या आधिक्याशी जोडला. ज्वारीची भाकरी हेच ज्यांचे मुख्य अन्न, त्या मराठवाड्यातील वाचकांना हा प्रश्न परका वाटू नये.

विद्यार्थ्याला स्वतःचा प्रश्न मांडण्याची औपचारिक सोय मात्र १९७९ मध्ये झाली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने तेव्हा सुरू केलेल्या अल्पकालीन विद्यार्थी शिष्यवृत्तीत एमबीबीएसचा विद्यार्थी प्रस्ताव स्वतः लिहितो, महाविद्यालयातील एका शिक्षकाला गाईड म्हणून घेतो आणि दोन महिन्यांत काम संपवून अहवाल देतो. दोन महिन्यांची मुदत आणि त्याआधी मिळवावी लागणारी नीतिसमितीची परवानगी, यांमुळे विषयांची निवड आपोआप आवळली जाते: प्रयोगशाळेतील दीर्घ कामाऐवजी बाह्यरुग्ण विभागातील प्रश्नावल्या, जुने केसपेपर आणि वस्त्यांमधील छोट्या पाहण्या यांकडे विद्यार्थी वळतात.