हक्क मागणाऱ्याची परीक्षा

समता, हक्क आणि नीती हे तीन शब्द तत्त्वज्ञानाच्या वर्गात एकामागून एक शिकविले जातात. आम्हांला कॉलेजचे दार उघडले नाही. हे शब्द आम्ही गिरण्यांच्या इतिहासातून शिकलो. त्यातील एक प्रकरण आज श्रोत्यांपुढे ठेवतो. ते आमच्या चळवळीला भूषणावह नाही, आणि म्हणूनच आमच्यापैकी कोणीतरी ते सांगितले पाहिजे.

मुंबईच्या गिरणी कामगारांना प्रथम एकत्र आणले ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८८४ साली सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले, आणि १८९० साली रविवारची सुटी पदरात पडली. लोखंडे हे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. मजुराचा हक्क आणि माणसाची समता यांचा उगम त्यांच्या ठायी एकच होता. पुढे चळवळ मोठी झाली. पण हे दोन प्रवाह मात्र फुटले.

ते कसे फुटले हे साचेखात्यात दिसते. मागावर कापड विणताना धोट्यातील कांडी संपली, की नवी कांडी घालून तिचे सूत धोट्याच्या बारीक छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. धोटा या हातातून त्या हाती, या तोंडातून त्या तोंडी जाई. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली या रीतीवर कायद्याने बंदी घातली. आमच्याकडे मात्र प्रश्न निघाला तो विटाळाचा. अस्पृश्य कामगाराने ओठ लावलेला धोटा आपण कसा लावावा, असे सवर्ण विणकर म्हणत. साचेखात्यात पगार अधिक. ते अस्पृश्यांना बंद. त्यांच्या वाट्याला कमी पगाराची खाती.

१९२८ साली मोठा संप झाला. एका विणकराने दोनाऐवजी तीन साचे चालवावेत, अशा योजना मालकांनी पुढे आणल्या होत्या. सुमारे दीड लाख कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत बाहेर राहिले. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना रोखठोक विचारले : गिरणीतील सर्व कामे करण्याचा अस्पृश्यांचा हक्क तुम्ही मान्य करता काय? करीत नसाल, तर आमच्या माणसांनी संपात का यावे? पुढाऱ्यांनी नाखुशीने ही मागणी आपल्या यादीत घातली. ती मालकांपुढे गेली तेव्हा मालकांनी सुनावले, की हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही.

मालकांचे हे म्हणणे आजही आम्हांला बोचते. भरती त्यांच्या हाती होती, आणि कामगारांतील फूट त्यांना सोयीचीच होती. तेव्हा ते निर्दोष नव्हेत. पण तो दरवाजा आतून आमच्याच भावांनी धरून ठेवला होता, हे खोटे कसे म्हणावे? दुसऱ्या वर्षीच्या संपाला बाबासाहेबांनी विरोध केला. त्यांना फुटीर म्हणणाऱ्यांनी आधी हा धोटा आठवावा. पुढे १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाड येथे रेल्वे कामगारांपुढे त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलहाच्या बिलाविरुद्ध ते कम्युनिस्टांच्या बरोबरीने संपात उतरले. म्हणजे एकजुटीला त्यांचा नकार नव्हता. बरोबरीवाचूनच्या एकजुटीला होता.

यातून आम्ही एवढेच शिकलो. हक्क हा वरच्याकडून मागायचा असतो, समता ही शेजाऱ्याला द्यायची असते. जो देत नाही त्याच्या मागणीत बळ राहते, पण नीती राहत नाही. आणि नीती गेली की बळही फार दिवस टिकत नाही.

१९५० साली राज्यघटनेच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. त्या गिरण्याही आज उरल्या नाहीत. पण कायम कामगार आणि कंत्राटी कामगार एकाच यंत्रावर उभे असतात, आणि वेतनवाढीच्या मागणीपत्रात कंत्राटी माणसाचे नाव घालू नका, असे आमचेच सभासद आम्हांला सांगतात. ते आम्ही ऐकले आहे. आणि एकदा, करार हातचा जाईल या भीतीने, गप्पही बसलो आहोत. म्हणून दुसऱ्यांना दोष देण्यासाठी ही कथा आम्ही सांगितली नाही. पुढचे मागणीपत्र लिहिताना पहिले कलम कोणाचे असावे, हे आमचे आम्हांला आठवावे, यासाठी सांगितली.