शिक्षणाची सोय आणि भाषांचा शेजार : धारवाड शहराचा शैक्षणिक इतिहास

एखाद्या शहरातील शिक्षणाचा इतिहास लिहिताना संस्थांची स्थापनावर्षे क्रमाने मांडण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. पहिली शाळा, पहिले हायस्कूल, पहिले महाविद्यालय आणि अखेरीस विद्यापीठ असा हा चढता क्रम असतो. त्यातून शिक्षणाच्या सोयी कशा वाढत गेल्या हे समजते. परंतु त्या सोयी कोणत्या भाषेतून मिळाल्या, एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर जाताना विद्यार्थ्याला कोणती भाषा मागे ठेवावी लागली आणि जी सोय गावात नव्हती तिच्यासाठी तो कोठे गेला, हे प्रश्न अशा मांडणीत अनुत्तरित राहतात. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला मात्र हेच प्रश्न महत्त्वाचे वाटतात. कारण लेखकाच्या भाषिक घडणीचा मोठा भाग घर आणि शाळा यांच्यामधील अंतरात होत असतो.

या दृष्टीने धारवाडचे उदाहरण लक्षणीय आहे. कन्नड प्रदेशातील हे शहर १८१८ पासून मुंबई इलाख्यात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर ते म्हैसूर राज्यात आले आणि १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. हुबळी आणि धारवाड यांची संयुक्त महानगरपालिका १९६२ मध्ये अस्तित्वात आली. तरीही व्यापारी हुबळीच्या शेजारी धारवाडने विद्येचे छोटे शहर ही आपली ओळख टिकवून ठेवली. या शहरातील शिक्षणव्यवस्था जोवर अपुरी होती, तोवर तिने कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत वावरणारी पिढी घडवली. ती पूर्णत्वाकडे गेली तसतशी त्या द्विभाषिकतेमागील निकड ओसरली. हे प्रतिपादन प्रस्तुत निबंधात मांडावयाचे आहे.

प्रथम प्राथमिक शाळेचा विचार करू. पेशवाईच्या काळात या प्रदेशाच्या कारभारात मराठीचा आणि मोडी लिपीचा शिरकाव झालेला होता. कंपनी सरकारनेही आरंभी तीच घडी पुढे चालवली. त्यामुळे पहिल्या सरकारी शाळांत मराठीचे प्राबल्य राहिले. ज्या प्रदेशातील बहुसंख्य मुले घरी कन्नड बोलत, तेथे अक्षरओळख मराठीतून व्हावी, अशी ही विसंगत स्थिती होती. ती दूर करण्यासाठी वॉल्टर एलियट यांच्यासारख्या काही इंग्रज अधिकाऱ्यांनी कन्नड शाळांचा पुरस्कार केला. बाझल मिशन १८३७ मध्ये धारवाडला पोहोचले. मिशनच्या शाळांचा धर्मप्रसाराचा हेतू उघड होता. परंतु त्यांचे अध्यापन कन्नडमधून चाले, हीही वस्तुस्थिती आहे. १८९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कन्नड-इंग्रजी कोशाचे कर्ते फर्डिनांड किटेल यांच्या भारतातील वास्तव्याचा आरंभीचा काळ याच परिसरात गेला.

कन्नड शाळांना शिक्षणखात्यात स्थिर पाया मिळाला तो रसेल हे शिक्षणाधिकारी आणि ‘डेप्युटी’ या पदनामानेच ओळखले जाणारे चन्नबसप्पा यांच्या प्रयत्नांमुळे. चन्नबसप्पा यांचा संबंध धारवाडच्या शिक्षक-प्रशिक्षण संस्थेशी होता, ही बाब महत्त्वाची आहे. शाळेची भाषा केवळ आदेशाने बदलत नाही. त्या भाषेतून शिकवू शकणारा शिक्षक आणि त्या भाषेतील पाठ्यपुस्तक ही दोन्ही प्रथम सिद्ध व्हावी लागतात. याच चन्नबसप्पांनी शेक्सपिअरच्या ‘कॉमेडी ऑफ एरर्स’चे कन्नड रूपांतर केले. शाळाखात्याची गरज आणि अनुवादसाहित्याचा उदय यांचा संबंध येथे एकाच व्यक्तीच्या कार्यात दिसतो. मराठीतही हाच क्रम आढळतो. तेथेही शाळाखात्याच्या आश्रयानेच भाषांतराची पहिली मोठी चळवळ उभी राहिली होती.

मराठीला पर्याय म्हणून कन्नड शाळा उभी राहिली, याचा अर्थ दोन भाषांमध्ये केवळ वैर होते असा नव्हे. सांगलीकडील नाटक मंडळ्या या भागात दौरे करीत. त्यांच्या मराठी प्रयोगांना मिळणारी लोकप्रियता पाहून सक्करी बाळाचार्य उर्फ शांतकवी यांनी कन्नड नाटके रचली आणि नाटक मंडळीही काढली. ते पेशाने शिक्षक होते आणि तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातील गदग हे त्यांचे कार्यक्षेत्र होते. येथे मराठी हे आव्हानही होते आणि नमुनाही. २० जुलै १८९० रोजी रा. ह. देशपांडे यांच्या पुढाकाराने धारवाडला स्थापन झालेल्या कर्नाटक विद्यावर्धक संघाबाबतही तेच म्हणता येईल. कन्नड ग्रंथरचनेस उत्तेजन देणे हा संघाचा प्रमुख उद्देश होता. १८९६ पासून ‘वाग्भूषण’ हे त्याचे नियतकालिक निघू लागले. मराठीच्या वर्चस्वाविरुद्धचा असंतोष या संघामागे होता; परंतु सभा, निबंध, पारितोषिक आणि मासिक ही त्याची साधने इलाख्यातील मराठी सार्वजनिक जीवनाला पूर्वीपासून परिचित होती.

माध्यमिक शिक्षणापर्यंतची सोय एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरात झाली. बाझल मिशनचे हायस्कूल होते, तसेच स्थानिक पुढाकाराने चालणारे व्हिक्टोरिया हायस्कूलही होते. मॅट्रिकनंतर मात्र वाट थांबत असे. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले, परंतु धारवाडला महाविद्यालय नव्हते. पुढे शिकू इच्छिणाऱ्या आणि तेवढा खर्च झेपणाऱ्या विद्यार्थ्याला पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. ही सक्ती जाचक होती. मॅट्रिक झालेल्या कित्येकांना केवळ ऐपत नसल्यामुळे तेथेच थांबावे लागे. मुलींच्या बाबतीत तर परगावी राहून शिकण्याचा प्रश्न बहुधा उपस्थितच होत नसे.

साहित्याच्या इतिहासात मात्र या गैरसोयीचे एक अनपेक्षित फळ दिसते. आलूर वेंकटराव धारवाडला शिकले आणि पदवीसाठी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. तेथील राष्ट्रीय वातावरणाचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ त्यांनी कन्नडमध्ये आणले. कन्नड भाषिकांच्या एकीकरणाची प्रेरणा ठरलेला त्यांचा ‘कर्नाटक गतवैभव’ हा ग्रंथ १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्राच्या इतिहासाभिमानाचा जवळून परिचय झालेला तरुण आपल्या भाषिक समाजासाठी तशाच अभिमानाची भूमी शोधतो, असा हा प्रवास आहे. पुण्याला न जाताही आलूरांनी हे कार्य केले असते का, याचे निश्चित उत्तर देता येत नाही. तथापि, त्या कार्याचे स्वरूप पुण्याच्या संदर्भावाचून उलगडत नाही, एवढे निश्चित.

दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. त्यांचा जन्म १८९६ मध्ये धारवाडला झाला. घरची भाषा मराठी, गल्लीची भाषा धारवाडी कन्नड, विद्येच्या भाषा संस्कृत आणि इंग्रजी. तेही फर्ग्युसनमध्ये शिकले, १९१८ मध्ये पदवीधर झाले आणि गावी परतून शिक्षक बनले. काव्यासाठी त्यांनी घरच्या भाषेऐवजी गल्लीची भाषा निवडली. ‘नाकु तंति’ या संग्रहासाठी त्यांना १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. १९४४ ते १९५६ या काळात ते सोलापूरच्या दयानंद महाविद्यालयात अध्यापक होते आणि त्यांनी मराठीतही लेखन केले. ‘मराठी मातृभाषा असूनही कन्नड कवी’ असे त्यांचे वर्णन नेहमी केले जाते. त्यातील ‘असूनही’ हा शब्द तपासून घ्यावयास हवा. धारवाडसारख्या शहरात घरच्या भाषेहून वेगळ्या भाषेत साक्षर होणे हा अपवाद नव्हता. शाळेच्या रचनेतच ती शक्यता अंतर्भूत होती.

१९१७ मध्ये धारवाडला कर्नाटक महाविद्यालय सुरू झाले आणि ही रचना बदलू लागली. त्याच सुमारास, १९१६ मध्ये, बेळगावला कर्नाटक लिंगायत एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली होती. नव्या महाविद्यालयाचा लाभ केवळ शहरातील सुस्थितांना झाला असता. परंतु धारवाडच्या मुरुघामठाने खेड्यापाड्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या अन्ननिवासाची सोय केली. विविध समाजांनीही आपापली वसतिगृहे काढली. लहान शहरातील उच्चशिक्षणाच्या इतिहासात वसतिगृहाचे स्थान महाविद्यालयाइतकेच मोठे आहे. शेतकरी कुटुंबातील मुलाच्या दृष्टीने वर्गातील जागेपेक्षा जेवणाच्या पंक्तीतील जागा अधिक निर्णायक असे. या सोयींमुळे कन्नड साहित्याचा सामाजिक पाया विस्तारला. पुण्याला जाऊ शकणाऱ्या मोजक्या कुटुंबांपलीकडील लेखक आणि वाचक घडू लागले. ‘जय कर्नाटक’ हे मासिक, बेंद्रे यांच्याभोवती जमलेला ‘गेळेयर गुंपु’ हा मित्रमेळा आणि १९३३ मध्ये सुरू झालेली मनोहर ग्रंथमाला यांना लागणारा सुशिक्षित वर्ग आता शहरातच तयार होत होता.

स्वातंत्र्यानंतर वरचा टप्पाही गाठला गेला. १९३९ मध्ये मुंबई सरकारने धारवाडला कन्नड संशोधन संस्था स्थापली होती. १९४९ च्या कायद्याने कर्नाटक विद्यापीठ अस्तित्वात आले. त्याचा कारभार आरंभी मुंबईहून चाले; १९५० मध्ये ते धारवाडला आले. १९५४ ते १९६७ या काळात कुलगुरू असलेल्या डी. सी. पावटे यांच्या कारकिर्दीत विद्यापीठाचा परिसर आणि विभाग आकारास आले. पुढे १९८६ मध्ये कृषिविज्ञान विद्यापीठ आणि २०१६ मध्ये आयआयटी यांची भर पडली. ज्या शहरातून १९१७ पूर्वी पदवीसाठी बाहेर पडावे लागे, तेथे आता देशाच्या विविध भागांतून विद्यार्थी येतात.

या वाटचालीत मराठीचे काय झाले? दोन लेखकांच्या साहाय्याने हा प्रश्न पाहता येईल. गिरीश कार्नाड १९५८ मध्ये कर्नाटक महाविद्यालयातून पदवीधर झाले आणि पुढे ऑक्सफर्डला गेले. त्यांचे ‘ययाति’ हे पहिले नाटक १९६१ मध्ये धारवाडच्या मनोहर ग्रंथमालेनेच प्रसिद्ध केले. मराठी रंगभूमीशी त्यांचे नाते घनिष्ठ होते. परंतु शिक्षणासाठी त्यांना पुण्याचा टप्पा घ्यावा लागला नाही. दुसरे लेखक जी. ए. कुलकर्णी. बेळगावकडील जीएंनी धारवाडच्या जनता शिक्षण समितीच्या महाविद्यालयात सुमारे तीन दशके इंग्रजी शिकवले. ‘निळासावळा’ (१९५९) पासून ‘काजळमाया’ (१९७२) आणि ‘पिंगळावेळ’ (१९७७) पर्यंतची त्यांची कथा याच शहराच्या सान्निध्यात लिहिली गेली. वर्ग इंग्रजीचा, शहर कन्नड आणि लेखन मराठी अशी ही विभागणी होती. बेंद्रे यांच्या पिढीत शाळा, घर आणि गल्ली यांच्या भाषा परस्परांत मिसळत. जीएंच्या काळात त्या शेजारी राहूनही एकमेकींपासून तुटलेल्या दिसतात. सुनीता देशपांडे यांना लिहिलेल्या पत्रांचे जीएंच्या मराठी वाङ्मयीन जीवनातील स्थान या संदर्भात अधिक अर्थपूर्ण ठरते. त्यांचा वाचक पत्रपेटीच्या पलीकडे होता, समोरच्या बाकावर नव्हता.

विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील बदलही विचारात घ्यावे लागतात. १९८० मध्ये गुलबर्गा विद्यापीठ वेगळे झाले. २०१० मध्ये बेळगावला राणी चन्नम्मा विद्यापीठ स्थापन झाल्यावर मराठी भाषकांची मोठी वस्ती असलेला बेळगावचा प्रदेश धारवाडच्या कक्षेबाहेर गेला. प्रशासनाच्या दृष्टीने हा निर्णय सोयीचा असेल. परंतु कन्नड आणि मराठी विद्यार्थ्यांना एकाच विद्यापीठीय छत्राखाली आणणारी चौकट त्यामुळे आणखी आकसली.

या साऱ्या इतिहासात सर्वांत उशिरा रचली गेलेली पायरी सर्वांत खालची आहे. पूर्वप्राथमिक शिक्षणाचा विचार मुंबई इलाख्यात प्रथम गुजराती आणि मराठीत रुजला. गिजुभाई बधेका यांनी भावनगरला १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले आणि ताराबाई मोडक यांनी तो विचार मराठीत आणून बालवाडीपर्यंत नेला. १९७५ च्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी ही त्या वयोगटाची सार्वजनिक संस्था देशभर नेली. तथापि, शहरी मध्यमवर्गाने तिच्याऐवजी खाजगी इंग्रजी शिशुवर्गाची वाट धरली, आणि धारवाडही याला अपवाद नाही. मूळचे याच परिसरातील वि. कृ. गोकाक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८१ मध्ये शालेय शिक्षणात कन्नडला प्रथम स्थान देण्याची शिफारस केली. तिच्या अंमलबजावणीसाठी झालेल्या आंदोलनात धारवाडचे लेखक अग्रभागी होते. १९९४ मध्ये कर्नाटक शासनाने पहिली ते चौथीसाठी मातृभाषा वा कन्नड हे माध्यम अनिवार्य केले. परंतु २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सक्ती घटनाबाह्य ठरवली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनचे शिक्षण औपचारिक रचनेत समाविष्ट केले. त्यामुळे भाषेची निवड पूर्वी सहाव्या वर्षी होत असे, ती आता तिसऱ्या वर्षीच होऊ लागली आहे.

एकोणिसाव्या शतकात धारवाडचे मूल मराठी शाळेत बसावे की कन्नड, हा वाद होता. आज तो इंग्रजी की कन्नड असा आहे. दोन्ही वादांत एक फरक आहे. मराठी शाळेत शिकलेल्या कन्नड मुलाला शेजारच्या भाषेतील साहित्य उपलब्ध होत असे, आणि आलूर वा बेंद्रे यांच्यासारखे लोक त्या साहित्याशी वाद घालत, त्यातून घेत, त्याला देत. इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलाला जगाचे साहित्य उपलब्ध होते. परंतु शेजारच्या भाषेचे दार त्याच्यासाठी आपोआप उघडत नाही.

म्हणून जुन्या अपुरेपणाविषयी हळहळ वाटण्याचे कारण नाही. पुण्याची वाट मूठभरांसाठीच होती आणि ती बंद होऊन गावात विद्यापीठ आले, यात हजारोंचा लाभ झाला. परंतु त्या वाटेवर द्विभाषिकता परिस्थितीमुळे घडत होती. यापुढे ती अभ्यासक्रमाने घडवावी लागेल. शेजारभाषेचे अध्यापन, परस्परअनुवाद आणि तौलनिक साहित्याचे संयुक्त अभ्यासक्रम हे विद्यापीठीय वैभवाचे अलंकार मानले जातात. धारवाडच्या इतिहासावरून पाहता ती शिक्षणव्यवस्थेची राहून गेलेली पायरी आहे.