पेशीतल्या गोळ्याचं आडनाव

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘लेवी बॉडी डिमेन्शिया’ असं लिहून आलं की घरातली माणसं पहिल्याच शब्दाशी अडखळतात. डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश, हे आता बहुतेकांना ठाऊक झालं आहे. पण लेवी म्हणजे काय? जुन्या पिढीला ‘लेव्ही’ म्हटलं की सरकार शेतकऱ्याकडून सक्तीनं घ्यायचं ते धान्य आठवतं. माझ्या आत्याच्या चिठ्ठीवर हा शब्द आला, तेव्हा मीही तो तीनदा वाचला होता.

त्याआधी दोन वर्षं आत्याला माजघरात मुलं दिसत होती. दोन मुलगे आणि परकर नेसलेली एक मुलगी. दिवेलागणीला यायची, कोठीच्या दाराशी उभी राहायची, बोलायची मात्र नाहीत. “अगं, केव्हाची ताटकळली आहेत, त्यांच्या हातावर काही ठेव,” असं ती सुनेला सांगायची. तिला त्यांची भीती वाटत नसे. भीती वाटायची ती आम्हाला. कुणी म्हणालं, पितर न्यायला आलेत. कुणी म्हणालं, बाहेरचं आहे, एकदा दाखवून आणा. अशा दिसण्याला आपल्याकडे नावं पुष्कळ आहेत. ज्या नावानं अखेर तिच्या आजाराचा उलगडा झाला ते एका माणसाचं आडनाव आहे, आणि आपलं आडनाव पुढे कशाला लागणार आहे हे त्या माणसाला मरेपर्यंत कळलं नाही.

फ्रित्झ हाइनरिष लेवी यांचा जन्म १८८५ साली बर्लिनमधल्या ज्यू कुटुंबात झाला. वैद्यकीचं शिक्षण संपवून ते म्युनिकला आलोइस अल्झायमर यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. मृत माणसाच्या मेंदूचे कागदाहून पातळ काप काढायचे, ते निरनिराळ्या रंगांत बुडवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास बघायचे, हे तिथलं रोजचं काम. लेवी यांनी अभ्यासाला कंपवात घेतला. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचं वर्णन केलं होतं, पण जवळपास शंभर वर्षं उलटली तरी मेंदूत नेमकं काय बिघडतं, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. काही चेतापेशींच्या पोटात लेवी यांना गोल, गच्च भरलेले गोळे दिसले. १९१२ मध्ये माक्स लेवांडोव्स्की यांनी संपादित केलेल्या चेताविज्ञानाच्या ग्रंथात त्यांनी ते चित्रांसह छापले.

गोळे त्यांना मुख्यतः दोन जागी दिसले होते. एक जागा मेंदूच्या देठात, पोटाकडे आणि हृदयाकडे जाणाऱ्या नसेच्या उगमापाशी. दुसरी मेंदूच्या तळाशी, जिला शरीरशास्त्रज्ञ लॅटिनमध्ये ‘निनावी द्रव्य’ म्हणत. काय म्हणावं ते न सुचल्यानं दिलेलं हे नाव. म्हणजे निनावी जागेतले निनावी गोळे! लेवी यांनीही त्यांना नाव दिलं नाही. ही दुसरी जागा लक्षात असू द्या, पुढे तिच्याकडे परत यायचं आहे.

बारसं झालं पॅरिसमध्ये. कॉन्स्टान्टिन त्रेत्याकोव्ह हे तरुण रशियन डॉक्टर तिथे प्रबंध लिहीत होते. कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूदेठातला काळा पट्टा झिजलेला असतो, हे त्यांनी १९१९ मध्ये दाखवलं. त्या पट्ट्यातल्या पेशींतही त्यांना तेच गोळे सापडले. लेवी यांचं काम त्यांनी वाचलेलं होतं, म्हणून त्यांनी प्रामाणिकपणे फ्रेंचमध्ये लिहिलं: ‘लेवीचे गोळे’. आपल्या हाती लागलेल्या वस्तूला दुसऱ्याचं नाव देण्याचा हा मोठेपणा मला फार मोलाचा वाटतो. पुढे इंग्रजीत तेच ‘लेवी बॉडी’ झालं.

लेवी दरम्यान इतर कामांत गुंतले. १९२३ मध्ये स्नायूंचा ताण आणि हालचाल यांवर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला. १९३२ मध्ये बर्लिनमध्ये त्यांची स्वतःची चेतारोग संस्था उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी नाझी सत्तेवर आले. ज्यू म्हणून लेवी यांना ती संस्था सोडावी लागली. आधी इंग्लंड, मग १९३४ मध्ये अमेरिका, फिलाडेल्फियाचं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ. तिथे त्यांनी नाव बदलून फ्रेडरिक हेन्री केलं आणि आडनावाच्या स्पेलिंगमध्ये आणखी एक ‘ई’ घातला. युद्धकाळात अमेरिकी लष्करात डॉक्टर म्हणून काम केलं. १९५० मध्ये ते वारले. माणसानं देश बदलला, नाव बदललं. पेशीतल्या गोळ्यानं मात्र त्यांचं जुनं, बर्लिनमधलं आडनाव जपलं.

त्या वेळेपर्यंत हा गोळा म्हणजे कंपवाताची खूण, एवढीच त्याची ओळख होती. थरथर, ताठरपणा, पाय ओढत चालणं यांच्याशी त्याचा संबंध. मनाशी, नजरेशी काही नाही. एवढी वर्षं चूक का झाली याचं कारण साधं आहे. मेंदूदेठातला गोळा ठसठशीत असतो: मधे गडद गाभा, भोवती फिकट कडं. मेंदूच्या वरच्या थरात, म्हणजे विचार आणि ओळख जिथे घडते तिथे, तोच गोळा फिका असतो आणि त्याला कडं नसतं. नेहमीच्या रंगात तो आजूबाजूच्या पेशीद्रव्यात मिसळून जातो. तो तिथे असेल अशी शंका ज्याला असेल त्यालाच तो दिसणार.

१९६१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ओकाझाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशानं गेलेल्या दोन वृद्धांच्या मेंदूच्या वरच्या थरात हे गोळे भरपूर असल्याचं नोंदवलं. फार कुणी लक्ष दिलं नाही. खरी चिकाटी दाखवली जपानच्या केन्जी कोसाका यांनी. कोसाका मनोविकारतज्ज्ञ होते, म्हणजे रुग्णाचं बोलणं ऐकणारे आणि तोच रुग्ण गेल्यावर त्याचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली बघणारे. १९७६ मध्ये त्यांनी एका रुग्णाची हकिगत छापली. मग ते म्युनिकला गेले आणि तिथे जपून ठेवलेल्या मेंदूंत त्यांना तेच गोळे सापडले. ज्या शहरात लेवी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकावर वाकले होते, तेच हे शहर. १९८० च्या सुमारास कोसाका यांनी ‘लेवी बॉडीचा आजार’ हा शब्द सुचवला. हा आजार जपानपुरता नाही आणि विरळाही नाही, हे ते सांगत राहिले. पेशीतल्या टाकाऊ प्रथिनांना चिकटणारं नवं रंजन हाती आल्यावर ते फिके गोळे सगळीकडेच दिसू लागले.

तरी नावाचा गोंधळ होताच. कुणी याला अल्झायमरचा प्रकार म्हणे, कुणी कंपवाताचा. १९९५ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला जाणकार एकत्र बसले आणि १९९६ मध्ये इयन मॅकिथ आणि इतरांच्या नावे छापलेल्या मसुद्यात ‘लेवी बॉडीसह स्मृतिभ्रंश’ हे नाव ठरलं. पुढच्याच वर्षी गोळा कशाचा बनलेला आहे तेही कळलं: अल्फा-सिन्युक्लीन या प्रथिनाचा. निरोगी पेशीत हे प्रथिन शेजारच्या पेशीला निरोप देण्याच्या टोकाशी असतं. त्याची घडी बिघडली की रेणू एकमेकांना चिकटतात आणि त्यांची गुंतवळ साचत जाते.

पण प्रथिन चिकटलं म्हणून माजघरात मुलं कुठून येणार?

डोळ्यातून आत येते ती तुटपुंजी, डागाळलेली खबर. चित्र पुरं करतो तो मेंदू, आजवर पाहिलेल्याच्या आधारे. आपण सगळेच दिवसभर अर्धं पाहतो आणि अर्धं ओळखतो. दोरीवरचा सदरा अंधारात माणूस वाटतो, आणि दुसऱ्याच क्षणी आत कुणीतरी म्हणतं, ‘छे, सदरा आहे.’ या आजारात ते ‘छे’ उमटत नाही. मेंदूचा मागचा भाग, जिथे दृश्याची पहिली जुळणी होते, साखर कमी वापरतो. हे स्कॅनमध्ये दिसतं. गंमत अशी की तिथे गोळे फारसे नसतात. गोळे असतात ते कानशिलामागच्या खालच्या भागात आणि भावनांशी बांधलेल्या बदामाएवढ्या गाठीत. २००२ मध्ये सिडनीच्या संशोधकांनी दाखवलं की ज्यांना असं दिसत असे, त्यांच्या मेंदूत या भागात गोळे जास्त होते. चेहरे, माणसं, प्राणी ओळखण्याचं काम याच पट्ट्यात चालतं. म्हणूनच दिसतात ती मुलं, मांजरं, उंबऱ्याशी उभा कुणीतरी. हे दिसणं या आजारात ८० टक्क्यांपर्यंत रुग्णांना होतं, आणि ते बहुधा मुकं असतं.

आता त्या निनावी द्रव्याकडे परत येऊ. मेंदूच्या वरच्या थराला असेटिलकोलिन नावाचं रसायन पुरवणाऱ्या पेशींचा पुंजका तिथेच आहे. बाहेरून आलेली खबर ठळक करणं आणि आतला गोंगाट दाबणं, हे या रसायनाचं काम. न्यूकॅसलच्या एलेन पेरी यांनी १९९० मध्ये दाखवलं की ज्यांना भास होत, त्यांच्या मेंदूत हा पुरवठा भास न होणाऱ्यांपेक्षाही खालावलेला होता. म्हणजे लेवी यांनी १९१२ मध्ये ज्या जागेवर बोट ठेवलं होतं, ती जागा आत्याच्या माजघरातल्या मुलांच्या मुळाशी होती. मध्ये ७८ वर्षं गेली होती. डोनेपेझिलसारख्या गोळ्या हेच रसायन टिकवून धरतात. या आजारासाठी त्यांना पहिली अधिकृत मान्यता २०१४ मध्ये जपाननं दिली. आत्याला त्या लागू पडल्या. मुलं पूर्ण गेली नाहीत, पण येणं कमी झालं, आणि आली तरी ती स्वतःच म्हणायची, “तुम्हाला दिसत नाहीत ना? मग नसतील.”

त्याआधी मात्र तिचे हाल झाले होते. दुसऱ्या एका डॉक्टरांनी भास बंद व्हावेत म्हणून हॅलोपेरिडॉल दिलं, आणि आठवड्याभरात तिचं अंग लाकडासारखं ताठलं. घास गिळता येईना. लेवी बॉडीच्या जवळपास निम्म्या रुग्णांवर या जातीच्या औषधांचा असा तीव्र, कधी प्राणघातक परिणाम होतो, हे न्यूकॅसलच्याच मंडळींनी १९९२ मध्ये लिहून ठेवलं आहे. आम्हाला तो शब्दच माहीत नव्हता, मग विचारणार तरी काय?

म्हणून ज्यांच्या घरात कुणा वडीलधाऱ्याला दिवेलागणीला माणसं दिसत असतील, त्यांना माझी विनंती आहे. त्यांच्याशी वाद घालू नका, खोलीत उजेड वाढवा. काय दिसतं, केव्हा दिसतं, झोपेत ओरडणं किंवा हातपाय झाडणं होतं का, चाल मंदावली आहे का, हे लिहून न्या आणि न विचारताही डॉक्टरांना सांगा. आणि भास थांबवायची गोळी लिहून मिळाली, तर ती देण्याआधी एवढं विचारा: “डॉक्टर, हे लेवी बॉडीचं तर नसेल ना?”