शब्दांवाचूनची दरी

मराठी संगीतसमीक्षा शब्दांचे बोट धरून चालत आली आहे. नाट्यपद असो वा भावगीत, आपण आधी कवीचे नाव विचारतो, मग चालीचा विचार करतो. यात गैर काही नाही. परंतु त्यामुळे शब्दच नसलेल्या ध्वनिमुद्रिकेसमोर आपली परिभाषा अडखळते आणि तिला ‘पार्श्वसंगीत’ म्हणून आपण मोकळे होतो. या सवयीचा फेरविचार करायला लावणारी एक ध्वनिमुद्रिका १९६७ साली निघाली : ‘कॉल ऑफ द व्हॅली’.

संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. यांपैकी पहिले तिघे त्या वेळी जेमतेम तिशीचे होते. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस रागांच्या प्रहरांमधून उभा करायचा, ही मूळ कल्पना. अहिरभैरव-नटभैरवाने पहाट होते आणि पिलू, भूप, देस असा प्रवास करीत पहाडीपाशी दिवस संपतो. हे सारे चाळीस मिनिटांच्या आत.

निर्मिती होती जी. एन. जोशी यांची. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता गाऊन १९३०च्या दशकात मराठी भावगीताची वाट पाडणारे, ते हेच जोशी. शब्दांच्या गाण्यावर ज्यांनी नाव मिळवले, त्यांच्याच हातून ही निःशब्द मुद्रिका घडावी, याची नोंद आपल्या भावगीताच्या इतिहासात ठळकपणे व्हायला हवी होती.

रागाचे हे तुकडे पाडणे नव्हे काय, असा आक्षेप घेता येईल. परंतु ७८ गतीच्या तबकडीवर अब्दुल करीम खाँसाहेबांनीही राग तीन-साडेतीन मिनिटांतच मांडले होते. तेव्हा संक्षेप नवा नाही. नवी आहे ती सलगता : पाचही तुकडे एकाच दिवसाचे अंश आहेत आणि त्यांचा अर्थ त्यांच्या क्रमात आहे. दीर्घ काळ वाजणाऱ्या तबकडीने ही सोय दिली. या कलावंतांनी तिची रचना केली. शिवाय येथे एक नायक आणि बाकीचे साथीदार अशी उतरंड नाही. मांडीवर आडवी ठेवलेली, पोलादी पट्टीने मींड काढणारी गिटार, संतूरचे तुटक थेंब आणि बासरीचा लांब श्वास यांचा पोत एकमेकांवर चढत जातो. तबला चढाओढीत न शिरता बहुतांशी ठेका धरून राहतो आणि त्या ठेक्यावरच सारे वातावरण तरंगते.

१९९४ साली सायमन रेनॉल्ड्स या ब्रिटिश समीक्षकाने ‘पोस्ट-रॉक’ ही संज्ञा रूढ केली, ती रॉकची वाद्ये रॉकेतर हेतूंसाठी, पोत आणि नादरंगासाठी वापरणाऱ्या संगीताकरिता. शिकागोच्या ‘टॉर्टॉइज’ या वाद्यवृंदाच्या १९९६च्या अल्बमची पहिली रचना सुमारे एकवीस मिनिटांची, शब्दावाचूनची आणि ठेक्यावर उभी आहे. काब्रांची गिटार पोस्ट-रॉक होती असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. दोन्हींचे कूळ वेगळे. मात्र त्या संगीताला नाव देणारा समीक्षक वेळेवर भेटला, आपल्याकडे तो भेटला नाही, एवढे म्हणणे भाग आहे.

एक प्रश्न तरीही उरतो. हे वातावरण सुरांचे आहे, की वेष्टनावरच्या गोष्टीचे? १९९० नंतर ‘काश्मीरची दरी’ या शब्दांना जी वेदना चिकटली, तिच्यापुढे तो निवांत मेंढपाळ भाबडा वाटतो. ही शंका मनात ठेवून फुलपाड्याला पापडखिंडीच्या तलावाकाठी एका पहाटे हा अहिरभैरव मी पुन्हा ऐकला. समोर देवदार नव्हते, मेंढरे नव्हती. आमचाच डोंगर होता आणि पाण्यावर हळूहळू उतरणारा उजेड. काश्मीर आठवले नाही. पहाट मात्र झाली.

म्हणजे गोष्ट गळून पडली तरी सूर आणि ठेका उरतात. आपल्या समीक्षेने कान द्यायला हवा तो या उरलेल्याकडे. विद्यार्थ्यांना कवितेतील नाद शिकवताना आपण तो नेहमी अर्थाच्या सेवेला जुंपतो. नादाला स्वतःचा अर्थ असू शकतो, हे शिकवायचे राहून जाते. ‘शीळ’ गाणाऱ्या जोशींना ते ठाऊक असावे. शीळ, शेवटी, शब्दांवाचूनच घालायची असते.