मेंदूचे दाबमोचन
डोक्यास जबर इजा झाल्यावर मेंदू सुजतो. कवटी ताणली जात नसल्याने आतील दाब वाढून रक्तपुरवठा खुंटतो. अशा वेळी कवटीचा मोठा तुकडा काढून ठेवण्याच्या शस्त्रक्रियेचा पुरस्कार टेओडोर कोखर यांनी १९०१ मध्ये केला. भारतात मेंदू-शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग वेल्लोर येथे जेकब चँडी यांनी १९४९ मध्ये काढला. बीड जिल्ह्यात अंबेजोगाईचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते १९७४ मध्ये. सुजलेल्या मेंदूस मात्र काही तासांचा विलंबही सोसत नाही. शस्त्रक्रियेच्या उपयुक्ततेविषयी दीर्घकाळ मतभेद होते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४०८ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत सहा महिन्यांतील मृत्यूंचे प्रमाण औषधोपचारात सु. ४९ टक्के, तर शस्त्रक्रियेनंतर सु. २७ टक्के आढळले. परंतु जाणीवशून्य अवस्थेत जगणारेही शस्त्रक्रियेनंतरच अधिक होते. बेशुद्ध रुग्णाच्या वतीने संमती देणाऱ्या नातेवाइकांपुढे हे दोन्ही निष्कर्ष ठेवावे लागतात.