मोरचूद आणि लोखंडाचे ‘तांबे’

ग्वाल्हेर प्रांती लोखंडाची खाण असल्याचे अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘आईन-इ-अकबरी’त नमूद करून ठेवले आहे. तेथील डोंगरांत लोहयुक्त खडकांचे थर आजही दिसतात. अशा लोखंडाचा खिळा मोरचुदाच्या निळ्या पाण्यात बुडविला, तर थोड्याच वेळात तो तांब्याचा भासू लागतो. लोखंडाचेच तांबे झाले, असे युरोपातील कित्येक किमयागारांना वाटले. मग तांब्याचे सोने का होऊ नये, ही आशा त्यातूनच बळावली.

परंतु हे तांबे येते कोठून? तांब्याची गंधकयुक्त खनिजे हवा व पाणी यांच्या संगतीत विघटित होऊ लागली, म्हणजे त्यांतील तांबे पाण्यात उतरून खाणीच्या भिंतींवर पाझरते. ते पाणी आटले की निळे स्फटिक धरतात. तोच नैसर्गिक मोरचूद. पाण्यात तो सहज विरघळत असल्यामुळे कोरड्या हवेतच टिकतो. नुसत्या लोहखडकांत तो उत्पन्न होत नाही. त्यासाठी तांब्याचे खनिज हवे. ग्वाल्हेरच्या वायव्येस, राजस्थानातील खेतडीच्या ताम्रखाणींच्या परिसरात एकोणिसाव्या शतकात मोरचूद तयार केला जात असे.

शंभर भाग मोरचुदात सुमारे २५ भाग तांबे व ३६ भाग पाणी असते. तापविल्यास पाणी निघून जाऊन पांढरी भुकटी उरते. तीवर पाणी शिंपडताच निळा रंग परत येतो.

मोराच्या कंठासारख्या या रंगामुळे संस्कृत ग्रंथांत त्यास मयूरतुत्थ व सस्यक ही नावे मिळाली. सुमारे तेराव्या शतकातील ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात सस्यक भट्टीत तापवून त्याचे तांबडे सत्त्व काढण्याची रीत दिली आहे. ते सत्त्व म्हणजे तांबेच, हे प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात दाखवून दिले. म्हणजे निळ्या खड्यात तांबे दडलेले आहे, याची प्रचीती आपल्या रसवैद्यांना भट्टीपाशीच आली होती.

किमयागारांच्या कोड्याचे उत्तरही हेच आहे. खिळ्यातील लोखंड पाण्यात उतरते आणि त्याच्या जागी पाण्यातील तांबे बाहेर पडते. एका धातूचा दुसरा धातू होत नाही. चीनमध्ये अकराव्या शतकात याच रीतीने ताम्रयुक्त झऱ्यांच्या पाण्यात लोखंड टाकून मोठ्या प्रमाणावर तांबे काढीत. सोन्याची आशा फोल ठरली, तरी तांबे मात्र खरोखर हाती आले.